घरची प्रयोगशाळा आवरताना

काचसामान आणि रसायनं एका खोक्यात भरू नका. फ्लास्क, पिपेट धुऊन जुन्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळा; सोलापुरातल्या दयानंद किंवा संगमेश्वर महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला आधी यादी दाखवून, यातलं काय घ्याल ते विचारा. कॉस्टिक सोडा भरून राहिलेल्या ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या उभ्या नळीची) काचेची तोटी बहुधा चिकटते, ती फिरवून बघूनच यादीत घाला. रसायनांपुढे वजन आणि बाटली उघडल्याचं साल लिहा. लेबल नसलेली बाटली कुणी घेणार नाही, आणि घेऊही नये. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर वेगळ्या फेरीत न्या; सांडून मिसळली तर क्लोरीन सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइड उन्हाळ्यापूर्वीच मार्गी लावा, 40 अंशांपुढे बाटली फुगते. जुन्या ईथरच्या (पटकन उडणाऱ्या द्रावकाच्या) बाटलीच्या झाकणाला मात्र हातच लावू नका: कडेला साठलेल्या पेरॉक्साइडच्या खड्यांचा झाकण पिळताना स्फोट होऊ शकतो. त्यासाठी जाणकारालाच घरी बोलवा.