जागतिक साथीत आंतरराष्ट्रीय मदत संस्थांना देणगी देताना या चुका टाळा

भूकंप झाला, पूर आला, की एक प्रदेश कोलमडतो आणि बाकीचं जग मदतीला धावतं. जागतिक साथीत असं धावून येणारं जग उरतच नाही. देणाऱ्याची नोकरी धोक्यात असते, त्याच्या घरातही आजारपण असतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत निर्वासितांच्या छावण्यांपासून दुर्गम दवाखान्यांपर्यंत सगळीकडे गरज वाढलेली असते.

कोविडच्या वेळी हे आकड्यांतही दिसलं. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटलं. २५ मार्चला संयुक्त राष्ट्रांनी सर्वांत दुर्बळ देशांसाठी सुमारे २ अब्ज डॉलरचं आवाहन केलं. जुलैपर्यंत तो आकडा १० अब्जांच्या पुढे गेला आणि जमा झालेली रक्कम मागणीच्या निम्मीही नव्हती. मे २०२० मध्ये ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १८ देशांमधली कार्यालयं टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचं जाहीर केलं. फेररचनेचा विचार आधीपासून सुरू होता, पण साथीमुळे पैशाची ओढाताण झाली आणि निर्णय लवकर घ्यावा लागला. पुढे ब्रिटनसारख्या मोठ्या देणगीदार देशानेही हात आखडता घेतला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के असलेली परदेशी मदत त्याने २०२१ पासून ०.५ टक्क्यांवर आणली.

अशा काळात सामान्य माणसाने दिलेली छोटी रक्कम खरोखर मोलाची असते. पण ती कशी दिली यावर तिचा उपयोग ठरतो. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यांतल्या पहिल्या दोन सर्वांत महागात पडतात असं माझं मत आहे, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

चूक: चालू असलेली मासिक देणगी घाबरून बंद करणं

नोकरी गेली असेल, घरात उपचारांचा खर्च असेल, तर देणगी थांबवा. त्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही. पण ज्यांचं उत्पन्न सुरू असतं असेही पुष्कळ लोक 'सध्या सगळंच अनिश्चित आहे' म्हणून पहिली काट याच रकमेवर मारतात. संस्थेच्या बाजूने बघा. नियमित येणाऱ्या पैशाच्या भरवशावर तिने परिचारिकांशी वर्षभराचे करार केलेले असतात, दवाखान्याची जागा भाड्याने घेतलेली असते. साथीत तिची बाकीची दारंही एकदमच बंद होतात. २०२० मध्ये देणगीच्या वस्तू विकणारी दुकानं बंद झाली, निधी जमवण्याचे कार्यक्रम रद्द झाले. २०१९ मध्ये एका दिवसात ६.६ कोटी पौंडांहून अधिक निधी उभा करणारी लंडन मॅरेथॉन पुढे ढकलावी लागली. त्या महिन्यांत संस्थांना तग धरायला मदत झाली ती अशा छोट्या, ठरलेल्या तारखेला येणाऱ्या रकमांची.

ओढाताण असेल तर पूर्ण बंद करण्याआधी रक्कम कमी करून पाहा. अनेक मोठ्या संस्था दोन-तीन महिन्यांची विश्रांतीही देतात, फक्त तसं कळवावं लागतं. बंदच करायची असेल तरी आधी सांगा. एक महिना आधी कळलेली घट संस्थेला अंदाजपत्रकात सांभाळून घेता येते.

इथेच एक बारीक गोष्ट आहे, जी हमखास राहून जाते. देणगी ज्या कार्डावरून जाते त्याची मुदत संपते, नवीन कार्ड येतं, नंबर बदलतो आणि देणगी गुपचूप थांबते. संस्था मेल पाठवते, तो प्रचाराच्या मेलांमध्ये हरवतो. देणाऱ्याला वाटत राहतं की आपण अजून देतो आहोत. आजच बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शेवटची वजावट कोणत्या महिन्यात झाली ते बघा.

चूक: पैसा फक्त साथीच्या नावाने बांधून देणं

बातम्यांत जो आजार असतो त्याच्यासाठीच द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण साथ आली म्हणून बाकीचे आजार थांबत नाहीत, उलट त्यांना मोकळं रान मिळतं. २०२० मध्ये जगभरात २ कोटी ३० लाख मुलं बालपणीच्या मूलभूत लसींना मुकली. मार्चमध्ये पोलिओची घरोघरची मोहीम थांबवावी लागली आणि ती जुलैपासून हळूहळू सुरू झाली. मलेरियाने त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा अंदाजे ६९ हजार जास्त मृत्यू झाले, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंचं कारण सेवा विस्कळीत होणं हे होतं. या माणसांची नोंद कोविडच्या आकड्यांत नाही. मच्छरदाण्या वेळेवर वाटल्या गेल्या नाहीत, तापाची तपासणी झाली नाही, औषध मिळालं नाही, म्हणून ती गेली.

याची पूर्वसूचनाही मिळाली होती. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१९ मध्ये गोवराने ६ हजारांहून अधिक जीव घेतले. त्याच देशात तेव्हा इबोलाची साथ सुरू होती आणि गोवराचे बळी इबोलापेक्षा जास्त होते. जगाचं लक्ष मात्र इबोलाकडे होतं, आणि पैसा लक्षाच्या मागे जातो.

देणगीवर 'फक्त कोविडसाठी' अशी अट असली की संस्थेला ती रक्कम गोवरासाठी वापरता येत नाही, समोर गोवराचं मूल असलं तरी. या बाबतीत डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या वैद्यकीय मदत संस्थेचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २००४ मध्ये हिंदी महासागरात त्सुनामी आली, देणग्यांचा ओघ सुरू झाला, आणि साधारण आठवड्याभरात या संस्थेने जाहीर केलं की आमच्या त्सुनामीच्या कामाला पुरेल इतके पैसे आले आहेत, या कामासाठी आणखी नकोत. आधी दिलेल्यांना तिने विचारलं, तुमचा पैसा दुसऱ्या संकटांसाठी वापरू का? बहुतेकांनी होकार दिला. इतकं सरळ वागणाऱ्या संस्थेवर विश्वास बसतो, पण ती वेळच येऊ नये हे जास्त बरं.

म्हणून देणगीच्या फॉर्ममध्ये 'जिथे सर्वाधिक गरज तिथे' असा पर्याय असेल तर तोच निवडा. सरकारंही या बाबतीत मागे आहेत. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी मान्य केलं होतं की किमान ३० टक्के पैसा अटींविना किंवा अगदी सैल अटींवर द्यावा. आपल्यासारख्या व्यक्तींना तर कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपण शंभर टक्के तसा देऊ शकतो.

चूक: पैशांऐवजी वस्तू पाठवणं

मास्क, हातमोजे, उरलेली औषधं गोळा करून पाठवायच्या मोहिमा प्रत्येक साथीत निघतात. हेतूबद्दल शंका नाही. पण पलीकडे काय होतं ते पाहा. खोकं विमानतळावर येतं. कोणीतरी ते सोडवून घ्यायचं, सीमाशुल्काची कागदपत्रं करायची, उघडून वर्गवारी करायची, लेबल कोणत्या भाषेत आहे आणि मुदत कधी संपते ते एकेका पाकिटावर तपासायचं. हे काम करणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याने त्या दिवशी दवाखान्यात असायला हवं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की दान केलेलं औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. घरातल्या कपाटातलं औषध त्यात बसत नाही.

हे फक्त व्यक्तींच्या हातून घडतं असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियाला मुदत संपलेले कोविड लसीचे दहा लाखांहून अधिक डोस नष्ट करावे लागले. श्रीमंत देशांकडून ते आले तेव्हाच मुदत काही आठवड्यांवर आलेली होती. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहाव्या लागतात. विमानतळावरचं शीतगृह, तिथून ट्रक, मग जिल्ह्याचा फ्रीज आणि शेवटी आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा बर्फाच्या पिशव्यांचा डबा, अशी ती वाट असते. एवढी वाट काही आठवड्यांत लाखो डोसांनी चालायची म्हणजे अशक्यप्राय. त्याआधीच्या महिन्यात आफ्रिका सीडीसी (आफ्रिकी देशांची रोगनियंत्रण संस्था) आणि कोव्हॅक्स (गरीब देशांना लसी पोहोचवणारा जागतिक उपक्रम) यांनी संयुक्त निवेदनात मागणीच केली होती की डोस देशात पोहोचताना किमान १० आठवड्यांची मुदत हवी.

पैसे पाठवले तर संस्था जवळच्या बाजारातून, हवी ती वस्तू, हव्या त्या मापात घेते.

चूक: प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था निवडणं

'माझा सगळा पैसा थेट गरजूंपर्यंत जायला हवा' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण गरजूंपर्यंत जायला गाडी लागते, चालक लागतो, हिशेब ठेवणारा लागतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन परीक्षण संस्थांनी मिळून देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं की केवळ या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. साथीत तर हा खर्च वाढणारच. कर्मचाऱ्यांना संरक्षक पोशाख लागतात, विलगीकरणात राहावं लागतं. २०२० मध्ये प्रवासी विमानं बंद झाली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतकर्मी आणि सामान नेण्यासाठी स्वतःची विमानसेवा चालवली, आणि ती सगळ्याच मदत संस्थांच्या कामी आली. हा खर्च कागदावर 'वाहतूक' म्हणून दिसतो.

त्याऐवजी वार्षिक अहवालातली हिशेबाची पानं उघडा. लेखापरीक्षकाचा शेरा आधी वाचा. तो बिनशर्त आहे की 'अमुक बाब वगळता' असं काही लिहिलं आहे? मग निधीचे दोन रकाने शोधा. एक अटींनी बांधलेला, दुसरा मोकळा. मोकळा निधी अगदीच थोडा असेल तर संस्था अडचणीत आहे आणि तुमची बिनअटींची देणगी तिथे जास्त उपयोगी पडेल. शेवटी राखीव गंगाजळी किती महिन्यांच्या खर्चाला पुरेल ते पाहा. काहीच राखीव नसणारी संस्था पहिल्या धक्क्यात दवाखाने बंद करते.

चूक: हेलावून टाकणाऱ्या मेसेजवरून लगेच पैसे देणं

साथीच्या भीतीचा फायदा घेणारे लगेच जागे होतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने बनावट मेल पाठवून, तिच्या खऱ्या कोविड निधीऐवजी खोट्या निधीसाठी पैसे मागितले गेले. संघटनेला तसा जाहीर इशारा द्यावा लागला.

मेसेजमधली लिंक वापरूच नका. संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करा आणि अक्षर-अक्षर वाचा. खोट्या पत्त्यात एखादं अक्षर जास्तीचं किंवा जागा बदललेलं असतं. ती ज्या देशात नोंदलेली आहे तिथल्या सरकारी नोंदवहीत नाव आणि क्रमांक जुळतो का ते बघा. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा कोणा व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागितले तर तिथेच थांबा. खरी संस्था उद्याही देणगी घेईल.

चूक: स्वतः मदतीला निघणं

प्रशिक्षण नसताना जाऊ नका. २०१० मध्ये हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांमार्फत पटकी पोहोचली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० हजार माणसं तिने मेली. ते सैनिकही तिथे लोकांच्या मदतीसाठीच गेले होते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याबद्दल हैतीच्या जनतेची माफी मागितली.

परदेशी कर्मचारी परत फिरतात तेव्हा काम स्थानिक माणसं ओढतात. इस्तंबूलमध्येच ठरलं होतं की २०२० पर्यंत २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट त्यांच्या संस्थांकडे जावा. थेट मिळणारा वाटा त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. देण्याआधी मोठ्या संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या स्थानिक भागीदारांना किती वाटा मिळतो, आणि त्यात त्यांच्या कार्यालयाचा खर्च धरला आहे का?

व्यवहारात अडचण आली तर

पैसे दोनदा वजा झाले तर आधी संस्थेच्या देणगीदार विभागाला व्यवहार क्रमांकासह लिहा, बँकेत वाद नोंदवण्याची घाई करू नका. बँकेने रक्कम परत ओढली तर संस्थेला वर दंडही भरावा लागू शकतो. साथीत त्यांचेही लोक आजारी असतात, म्हणून उत्तराला दोन आठवडे द्या. तरीही काही हाललं नाही तर मग बँकेकडे जा.

एकदाच द्यायचं होतं आणि चुकून मासिक झालं, हेही वरचेवर होतं, कारण फॉर्मवर 'दरमहा' आधीच निवडलेलं असतं. बटण दाबण्याआधी ती खूण पाहा. पावती आली नाही तर स्पॅम फोल्डर बघा, नंतर मागा. परदेशी संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावर आपल्या देशात करसवलत मिळेलच असं नाही, म्हणून संस्थेची शाखा तुमच्या देशात नोंदलेली आहे का ते देण्याआधी विचारा. मेलांचा मारा नको असेल तर देणगी बंद करायची गरज नसते. 'वर्षातून एकदाच अहवाल पाठवा' असं कळवलं की पुरतं.