रन करण्याआधी उत्तर वहीत लिहा: सीएई शिकू पाहणाऱ्यांसाठी

चाकणला मी सीएईचं, म्हणजे कॉम्प्युटरवर भागांची ताकद तपासण्याचं काम करते आणि फ्रेशर्सच्या मुलाखतीही घेते. माझा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतो. कागदावर एक कॅन्टिलिव्हर बीम (एका टोकाला पक्का धरलेला) काढते आणि विचारते, टोक किती खाली जाईल? रिझ्युमेवर तीन-तीन पॅकेजची नावं असलेली मुलंमुली इथेच अडतात. हुशारीत कमी नसतात, पण क्लासमध्ये त्यांना बटणं शिकवलेली असतात, मेकॅनिक्स राहून गेलेलं असतं. म्हणून मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असाल तर कोर्सची फी भरण्याआधी पुढचं सगळं घरी करून बघा.

विंडोज लॅपटॉपवर प्रीपोमॅक्स घ्या. फुकट आहे, आणि आत कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारा प्रोग्राम चालतो. त्याची इनपुट फाइल बरीचशी कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या अबॅकस सॉफ्टवेअरच्या धर्तीवर असते, त्यामुळे इथे शिकलेलं नोकरीत कामी येतं.

स्टीलचा बीम घ्या: लांबी २०० मिमी, रुंदी १०, उंची २०. एक टोक फिक्स, दुसऱ्या टोकाच्या फेसवर १०० न्यूटन खाली. आता वही उघडा. रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२, म्हणजे आय (छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया) साधारण ६६६७. ई (स्टीलचा यंग्ज मॉड्युलस) २,१०,००० मेगापास्कल धरला की टोकाचं डिफ्लेक्शन ०.१९ मिमी येतं, आणि बुंध्याशी स्ट्रेस ३० मेगापास्कल. हे लिहून होईपर्यंत रन करू नका.

मग बीमचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट पाडून मुद्दाम वाईट मेश करा: उंचीत एकच सी३डी८ एलिमेंट, लांबीत दहा. टोक ०.१९ पेक्षा बरंच कमी खाली जाईल. या आठ नोडच्या एलिमेंटच्या कडा सरळच राहतात, त्याला वाकता येत नाही. वाकण्याऐवजी तो खोटा शिअर घेतो आणि बीम उगाच ताठ होतो. हेच शिअर लॉकिंग. तेवढ्याच एलिमेंटमध्ये वीस नोडचा सी३डी२०आर वापरा, डिफ्लेक्शन वहीतल्या आकड्याजवळ येतं.

आता मेश बारीक करत जा. डिफ्लेक्शन स्थिरावेल, पण फिक्स टोकाच्या कडेचा स्ट्रेस वाढतच राहील. तिथे आपण पॉयसनचं आडवं आकुंचन-प्रसरण पूर्ण अडवलंय, आणि त्या कडेवर गणितातल्या स्ट्रेसला वरची मर्यादाच उरत नाही. म्हणून तुलना बीमच्या लांबीच्या मध्यावर, वरच्या पृष्ठभागावर करा, तिथे १५ मेगापास्कल मिळायलाच हवेत. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रिझल्टच्या चित्रात जास्त स्ट्रेसचा लाल ठिपका दिसला म्हणून कुणी पत्रा जाड करायला सांगत नाही. माझ्या मते फ्रेशरला याहून मोलाचं काही येत नसतं.

पुढचा टप्पा भोकाच्या प्लेटचा. किर्शनं १८९८ मध्ये दाखवलं की एका दिशेनं ताणलेल्या अमर्याद प्लेटमधल्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस दूरच्या स्ट्रेसच्या तिप्पट होतो. भोकाचा व्यास प्लेटच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतका ठेवा, तिपटीहून किंचित जास्त मिळेल. सिमेट्री वापरून पाव प्लेटच मॉडेल करा. ते जमलं की नाफेम्स या सिम्युलेशनच्या संस्थेचा एलई१ हा बेंचमार्क (उत्तर आधीच ठरलेला तपासणीचा प्रश्न) सोडवा, त्याचं ठरलेलं उत्तर ९२.७ मेगापास्कल आहे.

संशोधनाकडे जायचं असेल तर बहुतेकदा गेट द्यावी लागते, पण त्यासोबत पायथनमध्ये स्वतःचा छोटा कोड लिहा: आधी ट्रस, मग त्रिकोणी एलिमेंट, मग पॅच टेस्ट (एकसारखा स्ट्रेस एलिमेंट बरोबर दाखवतो का, याची चाचणी). टेन्सर आणि कंटिन्युअम मेकॅनिक्ससाठी एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पेपर नुसता वाचू नका, त्यातला एखादा आलेख स्वतः काढून बघा.

पहिली नोकरी बहुतेकदा नुसत्या मेशिंगची मिळते. घ्या. हात बसतो, भूमिती कळते. मात्र वर्षभरात लोड केस (कुठे किती भार) आणि बाउंडरी कंडिशन (भाग कुठे धरलेला) कुठून येतात हे सीनियरला विचारायला लागा, नाहीतर माणूस तिथेच राहतो. आणि मुलाखतीला येताना सर्टिफिकेटपेक्षा एक पान आणा: वरचा बीम, हातानं काढलेलं उत्तर, चार मेशचे आकडे, आणि फरक कशामुळे पडला याच्या दोन ओळी. मी ते पान आधी वाचते.