पॅच केलेला जुना जीसीसी: क्रॉस-कंपायलर उभा करताना काय अडतं

पॅच (सोर्समध्ये बदल करणारी फाइल) लावलेला जुना जीसीसी हा कंपायलर आजच्या लिनक्सवर बिल्ड झाला नाही की पहिला संशय पॅचवर जातो. पुष्कळदा दोष जुना सोर्स आणि नवा होस्ट कंपायलर (ज्या मशीनवर बिल्ड करतो तिथला) यांच्या न जमण्यात असतो. म्हणून त्याच आवृत्तीची मूळ प्रत आधी बिल्ड करा. ती उभी राहिल्याशिवाय पॅचला हात लावू नका. इथे उदाहरण जीसीसी ४.९.४ चं आहे, टार्गेट, म्हणजे तयार होणारा कोड ज्यावर चालेल ते, एआर्च६४-लिनक्स-जीएनयू (६४-बिट एआरएम प्रोसेसरवरचं लिनक्स). दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा असा जीसीसी म्हणजेच क्रॉस-कंपायलर.

क्रम ठरलेला आहे: बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर), कर्नल हेडर, फक्त सी येणारा पहिला जीसीसी, जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी), मग पूर्ण जीसीसी. प्रत्येकासाठी सोर्सच्या बाहेर वेगळा बिल्ड फोल्डर करा आणि प्रिफिक्स (इन्स्टॉल होण्याची जागा) सगळीकडे एकच ठेवा, जीलिबसीचा अपवाद पुढे येतो. बिनयुटिल्स इन्स्टॉल होताच त्याचा बिन फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे घाला. हे राहिलं तर जीसीसीला टार्गेटचा असेंबलर सापडेलच असं नाही आणि लिबजीसीसीपाशी (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) ‘कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स’ असा दिशाभूल करणारा एरर येऊ शकतो. खरं कारण टार्गेटच्या लिबजीसीसी फोल्डरातल्या कॉन्फिग.लॉगमध्ये असतं, सगळ्यात वरच्या फोल्डरातला लॉग वाचून काही हाती लागत नाही.

कर्नल हेडर काढताना आर्किटेक्चरचं नाव ‘एआरएम६४’ द्यायचं, ‘एआर्च६४’ नव्हे. कर्नल आणि जीसीसी एकाच प्रोसेसरला वेगळ्या नावांनी ओळखतात, आणि इथे बरेच जण अडकतात. हेडर सिसरूटच्या (टार्गेटच्या फाइली ठेवायचा फोल्डर) आत युएसआर फोल्डरात गेले पाहिजेत.

पहिल्या जीसीसीला ‘विदाउट-हेडर्स’ आणि ‘विथ-न्यूलिब’ द्या, भाषा फक्त सी ठेवा, शेअर्ड लायब्ररी, थ्रेड, लिबएसएसपी, लिबगॉम्प आणि लिबअ‍ॅटॉमिक बंद करा. बिल्ड चालवणाऱ्या मेकलाही फक्त ‘ऑल-जीसीसी’ आणि ‘ऑल-टार्गेट-लिबजीसीसी’ एवढंच सांगा.

आता होस्टकडे. जीसीसी ६ पासून सी++ चं डीफॉल्ट मानक २०१४ चं झालं, जीसीसी ११ पासून २०१७ चं. जुना सोर्स १९९८ च्या मानकात लिहिलेला. त्यामुळे काही जुन्या आवृत्त्यांत पूर्ण जीसीसीच्या वेळी सीएफएनएस.एच या फाइलवर ‘रिडिक्लेअर्ड इनलाइन’ची तक्रार येते. कॉन्फिगर करतानाच सीएक्सएक्सफ्लॅग्जमध्ये (सी++ कंपायलरला द्यायचे पर्याय) मानक जीएनयू++९८ द्या. सोबत ओ२ सुद्धा लिहा, कारण हा व्हेरिएबल आपण दिला की मूळचं ऑप्टिमायझेशन गळून पडतं आणि तयार झालेला कंपायलर फार हळू चालतो.

जीलिबसी २.२५ किंवा त्याआधीची घ्या. २.२६ मध्ये ‘स्ट्रक्ट युकॉन्टेक्स्ट’ हे नाव गेलं, फक्त ‘युकॉन्टेक्स्ट_टी’ उरलं, लिबजीसीसीची लिनक्स-अनवाइंड.एच जुनंच नाव वापरते, म्हणून पूर्ण जीसीसी तिथे कोसळतो. नवी जीलिबसी हवीच असेल तर त्या फाइलमध्ये नाव बदला. जीलिबसीचा प्रिफिक्स मात्र ‘/युएसआर’ ठेवा आणि इन्स्टॉल करताना डेस्टडिर म्हणून सिसरूट द्या. सिसरूटचा पूर्ण पत्ता प्रिफिक्समध्ये घातला तर तोच लायब्ररीत कोरला जातो आणि टार्गेट बोर्डवर लोकेलसारख्या गोष्टी सापडत नाहीत.

मूळ प्रत चालली, आता पॅच. आधी ‘ड्राय-रन’ करून बघा. एकही हंक (पॅचचा तुकडा) नाकारला गेला तर थांबा. ड्राय-रन .रेज फाइल बनवत नाही, म्हणून पॅच प्रत्यक्ष लावल्यावर ती वाचा आणि तो भाग हाताने बसवा. पॅचमुळे फाइलींच्या वेळा उलटसुलट होतात, मग मेक विनाकारण ऑटोकॉन्फ किंवा एसीलोकल ही साधनं मागू लागतं. ते इन्स्टॉल करत बसू नका. सोर्समध्ये कॉन्ट्रिब फोल्डरातली जीसीसी_अपडेट ही स्क्रिप्ट ‘टच’ पर्यायाने चालवा, बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा आणि पुन्हा कॉन्फिगर करा. तरीही अडलं, तर मेक एका जॉबवर चालवा, म्हणजे पहिला खरा एरर बाकीच्या ओळींत हरवणार नाही.