दीड वर्षाचं मूल अचानक जेवेनासं होतं तेव्हा

पहिल्या वाढदिवसापर्यंत वाटीभर खिचडी चाटूनपुसून खाणारं मूल पंधराव्या-सोळाव्या महिन्यात दोन घासांनंतर तोंड घट्ट मिटून घेतं. बहुतेक घरांत वाटी घेऊन मागे धावणं इथेच सुरू होतं. धावण्याआधी वजनाचा हिशोब बघा. जन्मतः 3 किलोचं बाळ वर्षभरात साधारण 9 किलोचं होतं, म्हणजे 6 किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षात ही भर 2 ते अडीच किलोंचीच असते. वाढ निम्म्याहून मंदावली की भूकही उतरणारच. त्यातच चालायला लागलेलं मूल एका जागी बसायला तयार नसतं आणि 'नाही' म्हणता येतं हा शोधही त्याला याच सुमारास लागलेला असतो.

मात्र 'काहीच खात नाही' हे वाक्य जसंच्या तसं मानू नका. तीन दिवस कागदावर लिहा: किती वाजता, काय, किती. दुधाचे मिली मोजून, बिस्किटं आकड्यात, आजोबांनी हातावर ठेवलेला फरसाणाचा चिमटासुद्धा. बऱ्याच घरांत यादी अशी निघते: तीन वेळा मिळून 700 मिली दूध, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर, आणि दिवसभरात चार मारी बिस्किटं. दुधाच्या साधारण 450 कॅलरी, साखरेच्या 120, बिस्किटांच्या 100 च्या आसपास. 10 किलोच्या मुलाची गरज दिवसाला 1000 च्या जवळपास असते. म्हणजे ताटासमोर बसण्याआधीच दोन-तृतीयांश पोट भरलेलं. मूल खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच भूक नाही.

म्हणून पहिलं काम दुधाचं. वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिली पुरे. एकदम तोडू नका. दर दोन दिवसांनी प्रत्येक वेळचं 30 मिली कमी करा आणि उरलेलं जेवणाआधी न देता जेवणानंतर द्या. बाटली बंद करून पेला आणला की दूध आपोआपच कमी होतं, कारण पेल्यातून झोपेत ओढता येत नाही. दुधाचा आणखी एक तोटा लक्षात येत नाही: त्यात लोह जवळजवळ नसतं. दुधावर वाढणारं मूल फिकट पडतं, आणि लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. बशीतल्या चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, तेव्हा तोही बंदच.

दुसरं काम अंतराचं. दोन खाण्यांमध्ये अडीच ते तीन तास फक्त पाणी. सकाळी 8 ला नाश्ता, 10:30 ला फळ, 1 ला जेवण, 4 ला काहीतरी पोटभरीचं, 7 ला जेवण, असं वेळापत्रक एका पानावर लिहून फ्रिजवर लावा. ते आजीला आणि पाळणाघरातल्या ताईंनाही समजावून सांगा. घरातल्या एकानं जरी 'बिचारं उपाशी आहे' म्हणून मध्येच राजगिऱ्याचा लाडू दिला, तर दुपारचं जेवण गेलंच म्हणून समजा. चार-पाच दिवस रडारड होईल. त्या दिवसांत ठाम राहिलं नाही तर पुढचा सगळा खटाटोप वाया जातो.

ताटात किती वाढायचं? प्रत्येक पदार्थाचा वयाच्या एका वर्षामागे एक मोठा चमचा. दीड वर्षाच्या मुलाला दीड चमचा मऊभात, तेवढंच घट्ट वरण, तेवढीच भाजी. ताट रिकामं दिसतं, दिसू द्या. संपलं की ते स्वतः मागतं, आणि मागून खाल्लेला घास कोंबलेल्या दहांपेक्षा बरा. घास मोजका असल्यामुळे त्यात जीव हवा: भातावर एक लहान चमचा तूप (45 कॅलरी), खिचडीत पाणी कमी आणि डाळ जास्त, घावनात अंडं, पेजेऐवजी घट्ट नाचणी, दह्यात बारीक दाण्याचं कूट. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं मात्र चार वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात.

काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. कागदावर सोपं, प्रत्यक्षात अवघड. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, न खाल्लेल्याबद्दल एक शब्दही न बोलता. 'हा घास काऊचा, हा घास चिऊचा' चालेल, पण तोंड उघडं असेपर्यंतच. मान वळवली, चमचा ढकलला, की जेवण संपलं. हात धरून, नाक दाबून घातलेला घास उलटीनं बाहेर येतो आणि मग मुलाला ताटाचीच धास्ती बसते.

मोबाइल लावून भरवलं की घास जातात खरे, पण चावले जात नाहीत. गालात तासभर घास धरून ठेवणारी मुलं बहुधा अशीच भरवलेली असतात. दुसरं कारण मिक्सर. दीड वर्षापर्यंत सगळं गंधासारखं वाटून दिलं, तर शिताचा एक दाणा लागला तरी मूल ओकारी काढतं. ही सवय टप्प्यानं मोडायची: आधी मिक्सरऐवजी पुरणयंत्रातून, चार-पाच दिवसांनी रवीनं घोटून, मग हातानं कुस्करून, शेवटी तसंच. एका टप्प्यावर अडलं तर एक पायरी मागे या, दोन नाही.

नव्या पदार्थाची भीती दीड-दोन वर्षांच्या सुमारास वाढतेच. कालपर्यंत खाल्लेला दुधी आज हिरवा दिसतो म्हणून फेकला जातो. एकच पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, आणि बहुतेक घरं तिसऱ्या वेळी हार मानतात. रीत अशी: आवडत्या मेतकूट-भाताशेजारी, त्याला न चिकटवता, बोटभर लांबीची उकडलेल्या गाजराची एकच फोड ठेवा. 'खा' म्हणू नका. स्वतः तशीच फोड खा. ते हातात घेईल, चुरडेल, चाटून टाकून देईल. ही प्रगतीच आहे. दोन दिवसांनी पुन्हा. पालक पराठ्यात लपवायला हरकत नाही, पण नुसता लपवलेलाच दिलात तर पालकाशी ओळख कधीच होत नाही. नकार दिला म्हणून लगेच दुसरा पदार्थ करून आणू नका. ताटात एक ओळखीचा पदार्थ आधीपासून असला म्हणजे झालं.

ताप, सर्दी, दाढा किंवा तोंड आलं असेल तर हे सगळे नियम आठवडाभर बाजूला ठेवा. गार दही-भात, ताक, पेज द्या. बरं झाल्यावर दोन आठवडे एक खाणं जास्त. खडा होत असेल तर आधी त्यावर उपाय करा, पोट साफ नसलेलं मूल जेवत नाही.

डॉक्टरांकडे जायचं ते असं असेल तर: वजन घटतंय किंवा तीन महिन्यांत वाढलेलंच नाही, तळहात व पापण्यांची आतली बाजू फिकट आहे, मूल माती किंवा भिंतीचा चुना खातंय, गिळताना त्रास होतोय, वारंवार उलट्या-जुलाब होतायत. सात-आठ तासांत लघवी झाली नसेल तर थांबूच नका. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या, 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषण, 11.5 च्या खाली तीव्र कुपोषण. लोहाचं औषध आणि जंतांची गोळी वयानुसार तिथे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका. भुकेचं टॉनिक दुकानातून स्वतःहून आणू नका, त्यातल्या काहींनी मूल नुसतं झोपाळू होतं. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि तीन दिवसांची ती यादी बरोबर न्या. वाढीच्या आलेखावरचे ठिपके आपल्या रेषेला धरून वर चढत असतील, तर डॉक्टर बहुधा ती यादी पाहून दुधाचंच विचारतील.