गंगेला पाणी आलं, पायी ट्रिप बारगळली: आता पैशाचा आन् दिवसांचा हिशोब कसा मांडायचा

आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ही गंगा पैठणला चांगलं ऊन पडलेलं असताना पण फुगते, कारण पाऊस पडतो तिकडं नाशिक-नगरच्या घाटात, ते पाणी नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या तलावात येतं आणि मग धरणाचे दरवाजे उघडतात. एका सप्टेंबरात आम्ही तिघं टेंट-बिंट घेऊन पैठण ते शहागड काठाकाठानं चार दिवसांत चालत जाणार होतो, पैठणच्या स्टँडवर उतरलो तर कळलं पाणी सोडायलेत. तिथं चहा घेत जो हिशोब मांडला तो सांगतो, कारण अशा वेळी पैसे वाया जातील म्हणून पोरं हट्टानं काठानं निघतात आणि त्यात जीव जाऊ शकतो.

१. गेलेले पैसे गंगार्पण समजा

माणशी बजेट ३,००० होतं, त्यातले १,१०० येण्यात आणि सामानात गेलेले. ते आता निर्णयात धरायचेच नाहीत. फक्त त्यातून परत काय येतंय ते बघा. रेल्वेचं परतीचं तिकीट जितकं आधी कॅन्सल कराल तितके पैसे जास्त मिळतात, शेवटच्या तासांत गेलात तर काहीच हाती लागत नाही, म्हणून हे काम पहिलं. पोहे, मॅगी, गॅस वाया जात नाही, ते नुकसानीत धरू नका.

२. थांबायचं तर खरे दिवस मोजा

इथं सगळ्यांचं चुकतं. "उद्या पाणी कमी होईल" म्हणजे उद्या चालता येईल असं नसतंय. गंगा फुगली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यात पाणी मागं शिरतं, फुगवटा म्हणतात त्याला, त्यामुळं काठची पायवाट दर थोड्या अंतरावर तुटते आणि ओढा ओलांडायला आत गावाकडून मोठा वळसा पडतो. पाणी उतरलं की गाळ राहतो, वर काळी माती, बुटाला किलोभर चिखल, कोरड्यात तासाला ३-४ किलोमीटर होतात तिथं दीड पण होत नाही. म्हणजे दरवाजे बंद झाल्यावर वर दोन दिवस तरी धरा, आणि दरवाजे कधी बंद होणार ते घाटातल्या पावसावर. आमचा एक दिवसाचा थांबा असा तीन दिवसांचा निघाला.

खाली गंगाखेड, नांदेडकडं सरकू म्हणाल तर तेच पाणी पुढं तिकडं जायलंय, उपयोग नाही.

३. आपल्या दिवसाचा भाव ठरवा

सुट्टी टाकून आलेल्याचा दिवस म्हणजे त्याचा पगार. आमच्यातल्या एकाच्या घरी सोयाबीन काढणीला आलेलं, त्याचा एक दिवस आमच्या दोन दिवसांपेक्षा महाग. कॉलेजच्या पोराला थांबणं परवडतं. सगळ्यांनी एकच निर्णय घ्यायला पाहिजे असं काही नाही, हे मोकळेपणानं बोला, मैत्रीत वाईट वाटून घ्यायचं नाही.

४. कागदावर तीन रकाने पाडा

उरलेल्या १,९०० मधून घरी जायचे ४०० आधी वेगळ्या खिशात. राहिले १,५००.

थांबणं: लॉज आणि जेवण मिळून दिवसाला ६००, तीन दिवस १,८००. बसत नाही, आणि शेवटी चालणं होईलच याची खात्री नाही.

दुसरीकडं जाणं: पैठणहून एसटीनं संभाजीनगर, मग दौलताबाद आणि वेरूळ, दोन दिवस, साधारण १,३०० माणशी. वार बघून जा, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. जास्त फिरायचं असेल तर डेपोत "आवडेल तेथे प्रवास" पासचा भाव विचारा, ४ आणि ७ दिवसांचा असतो, पण बायकांना एसटीत २०२३ पासून हाफ तिकीट आहे तर आधी साध्या तिकिटांची बेरीज करून बघा.

घरी जाणं: खर्च शून्य, सुट्टीचे दिवस वाचले.

सोयाबीनवाला त्याच संध्याकाळी घरी गेला, आम्ही दोघं वेरूळला.

५. निघण्याआधी एक फोन

घरच्यांना बदललेला रस्ता कळवा. आणि काठच्या ज्या गावात मुक्काम सांगितला होता तिथं पण, नाहीतर पुराच्या रात्री ती माणसं तुम्हाला शोधायला बॅटऱ्या घेऊन काठावर जातील. आम्हाला आपेगावजवळ एका मावशींनी अंगणात टेंट लावायला हो म्हटलं होतं, फोन केला तर म्हणाल्या, "बरं झालं बाबा सांगितलंस, जानेवारीत ये, तवा वाट कोरडी असती."