जुनी जंत्री पुन्हा कामाला लावताय? या चुका टाळा

तयार तार आता हवी त्या गेजची मिळते. जळगावच्या सराफ बाजारामागच्या गल्ल्यांतही मोटारीवरचे रोलर आलेत. तरी पैंजणाची तुटलेली कडी जुन्या कड्यांच्या मापात बसवायची, किंवा गिऱ्हाइकाने दिलेल्या चांदीचीच दोन वीत तार काढून द्यायची, तर जंत्री, म्हणजे तार ओढून बारीक करायची भोकाभोकांची पोलादी पट्टी, लागतेच. मग आजोबांच्या पेटीतली, नाहीतर भंगारातून किलोच्या भावाने आणलेली जंत्री बाहेर निघते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लगीनसराईत तर घाईघाईने. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: जंत्री गंजाने सहसा वाया जात नाही, ती वाया जाते साफसफाईने.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गंज जाळायला तिच्यावर गॅसची ज्योत धरणे. जंत्रीचे पोलाद बहुधा पाणी दिलेले, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेले असते. साधारण दोनशे अंशांच्या पुढे ते पाणी उतरायला लागते, आणि जंत्रीवर निळी झाक आली म्हणजे जवळपास तीनशे अंश झाले. दिसायला झकास, पण भोके नरम पडलेली. चारदोन वेळा तार ओढली की माप फुगते. भंगारातून घेतानाही हा निळेपणा बघा. असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या.

दुसरी खोड सोनारी हातांची. डाग दिसला की तेजाब, ते नसले तर चिंच. चांदी-तांब्याला हे चालते, पोलादाला नाही. आम्ल गंजाबरोबर भोकातली चकाकीही खाते, आणि पाणी दिलेले कडक पोलाद आम्लात राहिले तर ठिसूळ होऊन तडकू शकते. त्यापेक्षा रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने घासा, चिंधीने पुसा. वरच्या अंगावर काळे-तपकिरी डाग राहिले तर राहू द्या. त्या डागांनी तारेचे काही बिघडत नाही.

खरा मामला भोकाच्या आतला. जंत्रीचे भोक नरसाळ्यासारखे असते. मागून रुंद, पुढे निमुळते, आणि अगदी शेवटच्या गळ्याशी तारेचे माप ठरते. त्या गळ्यात पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवली की माप गेलेच. ड्रिलचे टोक तर तिथे नेऊच नका. बांबूची काडी निमुळती तासा, तिला धातूच्या पॉलिशचा थेंब लावा आणि मागच्या रुंद बाजूने घालून बोटांनी फिरवा. काडी काळी झाली की नवी घ्या. भोकातून उजेडाकडे बघितल्यावर आत अखंड चकाकणारी कडी दिसली की थांबायचे. त्यापुढचे घासणे हौसेचे, आणि हौसेला इथे किंमत मोजावी लागते.

झिजलेले भोक हातोडीने ठोकून बारीक करायचे आणि सुंभ्याने (टोकदार पोलादी पंचाने) पुन्हा मापात आणायचे, हे जुने लोक करत. खरे आहे, पण ते नरम जंत्रीवर. आधी कडेला कानस लावून बघा. कानस धरली तर लोखंड नरम आहे, ठोकता येईल. कानस नुसती घसरली तर हातोडी ठेवून द्या, कडक जंत्री ठोकल्यावर तडकते. नव्या पद्धतीच्या जंत्रीत भोकांपुरते कार्बाइडचे खडे बसवलेले असतात. ते कानशीला दाद देत नाहीत आणि ठोका लागला की फुटतात.

आता माप. जुन्या जंत्रीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, कैकदा ते झिजलेल्या भोकांवरच मिरवत असतात. घरच्या वायरिंगमधली जाड, सोललेली तांब्याची तार लाल करून नरम करा, प्रत्येक भोकातून ओढा आणि दर वेळी बोटभर तुकडा कापून ठेवा. मायक्रोमीटरने प्रत्येक तुकडा आडवा आणि उभा असा दोनदा मोजा. दोन मापे जुळली नाहीत तर भोक लंबगोल झालेय. तुकडे पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा, खाली मापे लिहा. सोन्याचे काम करण्याआधी मात्र भोके पुसून घ्या, तांब्याचा कीस आत राहतो.

जंत्री ठीक असूनही तार तुटत असेल तर दोष बहुतेक तावण्यात, म्हणजे तार तापवून नरम करण्यात असतो. 2 मिलिमीटरची तार 1 मिलिमीटरवर आणली की तिची लांबी चौपट होते, म्हणजे धातूला सोसावे लागते ते नुसत्या आकड्यावरून वाटते त्याच्या कितीतरी पट. 2 वरून 1.4 वर आलात की तारेचा आडवा छेद निम्मा झाला. तिथे थांबा, तावा, मग 1 वर या. मधले भोक गाळून वेळ वाचत नाही, तुटलेल्या तारेला भोकात शिरेल अशी नवी नोक काढण्यात दुप्पट जातो. तावणेही अंगणात उन्हात नको. खान्देशातल्या लख्ख उन्हात चांदीचा मंद लाल रंग दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत तार वितळायच्या बेतात असते. अंधाऱ्या कोपऱ्यात, तार घट्ट वेटोळी करून, ज्योत फिरती ठेवून तावा.

तावल्यावर तारेला चिकटलेला टाकणखार (बोरॅक्स) काढल्याशिवाय ती जंत्रीत घालू नका. वितळून गार झालेला टाकणखार म्हणजे काचच, ती गळ्यात ओरखडा पाडते. तेजाबातून काढलेली तार सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, कोरडी करूनच ओढा. ओल्या तारेने एका पावसाळी रात्रीत भोके गंजतात.

मोडीची चांदी वितळवून तार काढत असाल तर आणखी एक पाहा. धडगाव-अक्कलकुव्याकडचे जाड दागिने मोडीला येतात. त्यांतल्या एखाद्यावर कथील-शिशाचा डाग देऊन दुरुस्ती केलेली असेल, तर ते सगळे मुशीत जाते आणि तार जागोजाग चिरते. अशी तार कितीही तावली तरी सुधरत नाही. डाग आधीच कापून काढायचा.

वंगणाला मधमाशीचे मेण उत्तम. ते 62 ते 64 अंशांना वितळते, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याच्या कितीतरी आधी लोण्यासारखे मऊ पडते आणि टेबलावरचा सगळा कीस अंगाला लावून घेते. डबीत झाकून ठेवा. तारेवर पातळ थर पुरे, आणि पुन्हा तावण्याआधी गरम साबणाच्या पाण्याने तो काढा, नाहीतर काजळी धरते. घरात आहे म्हणून सरकीचे तेल लावू नका. हवेत ते चिकट होऊन भोकात बसते. खोबरेल हिवाळ्यात थिजते. ठेवणीला शिलाई मशीनचे तेल लावा.

तार सरळ न येता कमानीसारखी वळतेय? तुम्ही तिरपे ओढताय. सांडशी, हात आणि भोक एका रेषेत हवे, जंत्री भोकाच्या अगदी जवळ शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडलेली हवी आणि आकड्यांची बाजू तुमच्याकडे. झटके देऊन ओढणाऱ्या पोराला जुने कारागीर ओरडतात, “आस्ते वढ ना भो!” झटक्याने तार तर तुटतेच, भोकही एकीकडून झिजते.

तारेवर एकाच रेषेत लांब ओरखडा येत असेल तर आधी भोक साफ करून बघा. तरीही आला तर गळ्याचा कपचा उडालाय. त्या भोकाभोवती लाल ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि शेजारचे वापरा.