बंद पडलेल्या घरगुती नॅसमधील डेटा कसा परत मिळवावा आणि पेटी कशी दुरुस्त करावी

घरातल्या सर्वांचे फोटो, कागदपत्रांच्या प्रती आणि संगणकांचे बॅकअप ज्या एका पेटीत साठवलेले असतात, ती पेटी एके दिवशी नेटवर्कवर दिसेनाशी होते. त्यानंतरच्या पहिल्या तासाभरात आपण काय करतो आणि काय टाळतो, यावर डेटा परत मिळणे बरेचसे अवलंबून असते. नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवण पेटी, हा खरे तर एक लहानसा संगणकच असतो; घरगुती वापराच्या बहुतेक नॅसमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि हीच गोष्ट पुढे आपल्या फार उपयोगी पडते. पेटी बंद पडली तरी आतल्या डिस्क शाबूत असू शकतात, आणि एखादी डिस्क खराब झाली तरी तिचा बराचसा भाग अजून वाचता येण्याजोगा असू शकतो. मात्र दुरुस्तीच्या घाईत मूळ डिस्कवर काही लिहिले गेले, तर तेथे आधी असलेले परत आणता येत नाही. म्हणून आधी डिस्कची प्रत काढावी, मग त्या प्रतीतून डेटा बाहेर काढावा आणि पेटीच्या दुरुस्तीकडे सर्वांत शेवटी वळावे, हा क्रम मी येथे धरला आहे आणि तो मोडू नये असा माझा आग्रह आहे.

हात लावण्यापूर्वी

पेटी प्रतिसाद देत असेल तर तिच्या व्यवस्थापन पानावरून ती रीतसर बंद करावी. देत नसेल तर चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरावे. एकदा बंद केल्यावर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, कारण निकामी होऊ लागलेल्या डिस्कला प्रत्येक वेळी नव्याने फिरायला लावणे हे तिचे उरलेले आयुष्य खर्च करणे असते. डिस्क आत असताना रीसेटचे बटणही दाबू नये. काही मॉडेलमध्ये ते थोडा वेळ दाबल्यास केवळ पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळपदावर येते, तर अधिक वेळ किंवा दुसऱ्यांदा दाबल्यास ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि घाबरलेल्या मनःस्थितीत हा फरक लक्षात राहत नाही.

त्यानंतर प्रत्येक डिस्क बाहेर काढण्याआधी तिच्यावर कप्प्याचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावावी, डिस्कचा अनुक्रमांक वहीत उतरवून घ्यावा आणि सगळ्याचे एक छायाचित्र काढून ठेवावे. यातली डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, तर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ किंवा ‘डिस्क इनिशियलाइज करा’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ एवढाच असतो की विंडोजला लिनक्सची मांडणी ओळखता येत नाही. अशा वेळी ‘रद्द करा’ हेच एक योग्य उत्तर आहे.

पेटी आधी बंद करावी या नियमाला एक अपवाद आहे. पेटी अजून चालू असेल, एकच डिस्क गळाली असेल आणि फाइली हळूहळू का होईना उघडत असतील, तर पेटी बंद करण्याआधी सर्वांत मोलाच्या फाइली दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. पेटी मात्र अशा वेळी नवी डिस्क घालून रेड रचना, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांच्यात डेटा वाटून किंवा दुहेरी ठेवण्याची मांडणी, पुन्हा उभारण्याचा सल्ला देत असते, आणि बहुतेक लोक तो लगेच मानतात. रेड ५ मध्ये एक आणि रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो, रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर सारखीच प्रत असते, तर रेड ० मध्ये एक डिस्क गेली की सगळेच अडते. रचना पुन्हा उभारायची म्हणजे उरलेल्या डिस्कचे झाडून सगळे सेक्टर, म्हणजे साठवणीचे लहान भाग, सलग वाचावे लागतात, आणि या डिस्क बहुधा एकाच दिवशी विकत घेतलेल्या, तितकेच तास फिरलेल्या असतात. अनेक घरगुती डिस्कच्या तांत्रिक पत्रकात वाचन-चुकीची मर्यादा १०^१४ बिटांमागे एक अशी दिलेली असते, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट वाचनामागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून चांगल्या चालतात, परंतु पेटीतली दुसरी डिस्क त्याच सलग वाचनात कोलमडण्याचा धोका खरा आहे. माझी दोन डिस्कची एक पेटी अशीच गेली: नवी डिस्क घालून मी उभारणी सुरू केली आणि ती अर्ध्यावर असताना जुनी, तोवर ‘निरोगी’ दिसणारी डिस्क वाचेनाशी झाली. त्याआधी फाइली उतरवून घेतल्या असत्या तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. मोलाच्या फाइली दुसरीकडे असल्याशिवाय उभारणी सुरू करू नये.

दोष पेटीत की डिस्कमध्ये

सर्व डिस्क बाहेर काढून पेटी रिकामीच चालू करावी. रिकामी पेटी नीट सुरू झाली, पंखा फिरला आणि ती राउटरच्या यादीत दिसली, तर दोष एखाद्या डिस्कमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक असते. खराब डिस्कच्या उत्तराची वाट पाहत पेटी सुरू होताना अडकून पडणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. रिकामी पेटीही सुरू झाली नाही, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्यावा. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या वाहिनीवर क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, आणि जुना झालेला अडॅप्टर मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दाखवूनही हा भार पडताच कोलमडतो. म्हणून मोजणीवर विसंबून न राहता तोच व्होल्टेज, तीच ध्रुवता आणि तेवढीच किंवा अधिक अँपिअर क्षमता असलेला दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. वीजपुरवठा पेटीच्या आतच बसवलेला असेल, तर त्याचे आवरण उघडू नये. त्यातील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही धोकादायक भार धरून ठेवू शकतात.

डिस्कची तपासणी

डिस्क आता एका संगणकाला जोडाव्यात आणि तो संगणक पेन ड्राइव्हवरून लिनक्सने सुरू करावा. शक्यतो डिस्क थेट मदरबोर्डला साटा या डिस्कसाठीच्या केबलने जोडावी, कारण काही यूएसबी डॉक सेक्टरचा आकार बदलून सांगतात आणि त्यामुळे शाबूत विभाजनेही दिसत नाहीत. फाइल व्यवस्थापकात डिस्कचे चिन्ह दिसले तरी त्यावर क्लिक करू नये, कारण माउंट झालेल्या, म्हणजे वापरासाठी उघडलेल्या, फाइल सिस्टिमवर (डिस्कवरील फाइलींच्या मांडणीवर) तिची नोंदवही, म्हणजे बदलांची अंतर्गत नोंद, लगेच लिहिली जाऊ शकते.

कानाने ऐकणे ही पहिली तपासणी. डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक आवाज येत असेल, किंवा ती फिरायचा प्रयत्न करून थांबत असेल, तर तिची वीज तत्काळ तोडावी. वाचन-शिर निकामी झालेले असेल तर प्रत्येक फेरीसोबत तबकडीवर ओरखडा उठण्याची शक्यता असते, आणि अशी डिस्क धूळमुक्त कक्ष असलेल्या व्यावसायिक प्रयोगशाळेतच उघडली पाहिजे. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने आत दव साचते, म्हणून तो करू नये. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड बसवूनही आधुनिक डिस्क सहसा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी बोर्डावरील चिपमध्ये नोंदलेली असते.

आवाज ठीक असेल तर स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली नोंद, वाचावा. वरचा ‘उत्तीर्ण’ हा शेरा पुरेसा नसतो. ५ क्रमांकाची नोंद बदली केलेले सेक्टर, १९७ क्रमांकाची वाचता न आल्याने निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर आणि १९८ क्रमांकाची दुरुस्त न होणारे सेक्टर दाखवते; यातली १९७ किंवा १९८ शून्याहून अधिक असेल तर त्या डिस्कला आजारी समजावे. १९९ क्रमांकाची संख्या वाढलेली असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो.

प्रत काढणे

आजारी डिस्कवरून फाइली ओढून नेण्याचा मोह टाळून तिची सेक्टरनिहाय संपूर्ण प्रत काढावी. डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम यासाठीच बनवलेला आहे. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडखळणारा भाग मागे ठेवतो, आणि मग त्या भागाकडे लहान लहान तुकड्यांनी परत येतो. कोणता सेक्टर मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद तो एका नकाशा-फाइलमध्ये करतो, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे नेता येते. ही फाइल कोणत्याही परिस्थितीत न विसरता ठेवावी, आणि ती मूळ डिस्कवर ठेवू नये. पहिली फेरी खराब भाग न खरवडता पूर्ण करावी, आणि मगच दोन-तीन पुनर्प्रयत्नांची मर्यादा घालून दुसरी फेरी चालवावी.

येथे एकच चूक प्राणघातक ठरते, ती म्हणजे स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल. संगणक पुन्हा सुरू केल्यावर डिस्कना मिळणारी अक्षरे बदलू शकतात, म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक वहीशी ताडून पाहावेत. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी घ्यावी. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने चार टेराबाइटच्या निरोगी डिस्कची प्रत निघायला सुमारे साडेसात तास लागतात. आजारी डिस्कला काही दिवसही लागू शकतात, आणि त्या काळात तिच्यावर छोटा पंखा रोखून ठेवावा.

पेटीने ‘निकामी’ म्हणून बाहेर काढलेल्या डिस्कचीही प्रत काढावी, हे मी मुद्दाम सांगतो. नॅससाठी बनवलेल्या डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर साधारण सात सेकंदांत हार मानून तसे कळवतात, तर साध्या संगणकाच्या डिस्क बराच वेळ प्रयत्न करत राहतात. त्यामुळे पेटीला ती डिस्क मेली असे वाटते आणि ती रचनेतून वगळली जाते. अशी डिस्क प्रत्यक्षात काही सेक्टर सोडून पूर्ण वाचता येते, आणि दोन डिस्क गळालेली रेड ५ रचना अनेकदा अशाच एका डिस्कमुळे वाचते.

प्रतींवरून रचना जोडणे

यानंतर मूळ डिस्क बाजूला काढून ठेवाव्यात आणि पुढचे सर्व काम प्रतींवर करावे. बहुतेक घरगुती पेट्या लिनक्सची स्वतःची रेड व्यवस्था वापरतात, म्हणून एमडीएडीएम या साधनाने प्रत्येक प्रतीवरील नोंद तपासता येते. त्या नोंदीत रेडचा प्रकार, डिस्कचे स्थान, शेवटच्या बदलाची वेळ आणि घटनांचा, म्हणजे रचनेतील बदलांसोबत वाढत जाणारा, क्रमांक असतो. घटनांचे क्रमांक सारखे असतील तर रचना ‘असेंबल’ या आज्ञेने, केवळ वाचनासाठी, जोडावी. ते थोडेसेच वेगळे असतील तर प्रतींवर सक्तीने जोडणी करून पाहता येते. परंतु एका डिस्कचा क्रमांक फार मागे असेल, तर ती काही महिन्यांपूर्वीच गळालेली असते आणि तिच्यावरचा डेटा तेवढाच जुना असतो, तिला वगळावे. रेड १ मध्ये तर हे विशेष जपावे, कारण तेथे दोन्ही डिस्क स्वतंत्रपणे उघडतात आणि शिळी प्रत खरी समजली जाण्याचा धोका असतो. ‘क्रिएट’ ही आज्ञा देऊ नये: ती नवी रचना लिहिते, आणि क्रम किंवा तुकड्याचा आकार चुकला तर उरलेला मागही पुसला जातो.

रचना जुळल्यावर तिच्यावर एलव्हीएमचा, म्हणजे साठवण जागेची वाटणी करणारा, थर असेल तर तो सुरू करावा आणि फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी, नोंदवही न चालवता, माउंट करावी. फाइल सिस्टिम एक्सटी४ प्रकारची असेल तर यासाठी ‘नोलोड’ आणि एक्सएफएस प्रकारची असेल तर ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय आहे. डेटा कूटबद्ध असेल तर किल्ली किंवा पासवर्ड लागतोच. तो नसेल तर प्रयोगशाळाही काही करू शकत नाही. काही पेट्यांमध्ये किल्ली पेटीतच साठवलेली असते, म्हणून मृत पेटीही तूर्त टाकून देऊ नये.

माउंट झाले नाही तर एक्सटी४ च्या शीर्षनोंदीच्या (फाइल सिस्टिमच्या मूळ माहितीच्या) राखीव प्रती वापरून पाहाव्यात. चार किलोबाइटच्या ब्लॉकसाठी त्यातली पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर असते. बीटीआरएफएस या आणखी एका प्रकारच्या फाइल सिस्टिममध्ये ‘रिस्टोअर’ हे साधन माउंट न करताच फाइली बाहेर काढते, आणि तेथे दुरुस्तीच्या आज्ञेपेक्षा तेच आधी वापरावे. शेवटचा मार्ग फोटोरेक या प्रोग्रामचा. तो फाइलींच्या आतील खुणांवरून त्या ओळखतो, परंतु नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत. तो जोडलेल्या संपूर्ण रचनेवरच चालवावा, कारण रेड ५ च्या एकट्या डिस्कवर फाइलींचे तुकडेच असतात.

पेटीची दुरुस्ती

फाइली सुरक्षित झाल्या, आणि त्यातल्या वेगवेगळ्या वर्षांच्या काही फाइली उघडूनही पाहिल्या, की पेटीकडे वळावे. पंखा, अडॅप्टर आणि मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी हे घरी बदलता येणारे भाग आहेत. फुगलेले कपॅसिटर सोल्डरिंग येणाऱ्या माणसाकडून बदलून घ्यावेत. काही दोष मात्र चिपमध्येच असतात: इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतील प्रोसेसरचा घड्याळ-संकेत काही वर्षांच्या वापरानंतर बंद पडू शकतो हे २०१७ मध्ये उघड झाले, आणि हे प्रोसेसर अनेक नॅसमध्ये वापरले गेले होते. अशी पेटी वरकरणी कारण नसताना सुरूच होत नाही.

दुरुस्त किंवा नव्या पेटीत आधी एखादी रिकामी डिस्क घालून ती दोन-तीन दिवस चालवावी, नव्या डिस्कची पूर्ण पृष्ठभाग तपासणी करावी, आणि रेडसाठी सेक्टरपट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर प्रकारच्या, डिस्क घेऊ नयेत, कारण रचना उभारताना त्या फार मंदावतात. मग फाइली परत भराव्यात, बिघाडाची सूचना ईमेलने येईल अशी मांडणी करून चाचणी-सूचना खरोखर पोहोचते का ते पाहावे, आणि महिन्यातून एकदा संपूर्ण रचना वाचून पाहणारी तपासणी वेळापत्रकात घालावी. जुन्या मूळ डिस्क, त्यांच्या चिकटपट्ट्या आणि वहीतल्या नोंदींसह, किमान सहा महिने कोरड्या जागी ठेवून द्याव्यात, कारण एखादे फोल्डर राहून गेल्याचे बहुतेक वेळा उशिराच लक्षात येते.